सिस्टर आणि डॉक्टरसाहेबांचं कुत्रं

सिस्टर कुत्र्याला अहो म्हणतात. माणसांना अरे-तुरे करतात. सरपंच असोत, बँकेतले मॅनेजर असोत, नाहीतर माझ्या सासूबाई असोत, सगळ्यांना एकच: "ए, इकडं ये, जीभ दाखव." नोकरीत असताना त्यांनी अर्ध्या शिरूर तालुक्याला सुया टोचल्या. ज्याला आपण सुई टोचली त्याला अहो कशाला म्हणायचं, असं त्यांचं साधं म्हणणं आहे. ज्यांना अजून टोचलेली नाही, त्यांचीही वेळ येईलच असं धरून त्या चालतात.

कुत्र्याचं मात्र तसं नाही. केडगावात आमच्या मागच्या खोलीत त्या भाड्यानं राहतात, त्यामुळे त्यांचं बोलणं मला रोज ऐकू येतं. "रॉकीसाहेब, जेवून घेता का? भाकरी गार झाली." "साहेब, पाय पुसून आत या." साहेब पाय न पुसता आत येतात. ते लॅब्राडोर जातीचे आहेत, अंगानं भरलेले आहेत आणि आपल्याला पाय पुसता येतात हे त्यांना अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

त्या आमच्याकडे आल्या, तो एक प्रसंगच झाला. निवृत्त झाल्यावर त्यांना आरोग्य केंद्रातली क्वार्टर सोडावी लागली. ओळखीतल्या कोणीतरी आमचा नंबर दिला. सासूबाईंनी फोनवर विचारलं, किती माणसं राहणार. सिस्टर म्हणाल्या, "मी आन् साहेब. दोघंच." सासूबाईंना बरं वाटलं. नवरा-बायको म्हातारी, मुलंबाळं नाहीत, खोलीला त्रास नाही. साहेबांना बसायला हवी म्हणून त्यांनी आमची हातांची खुर्ची पुसून मागच्या ओट्यावर ठेवली. टेम्पो आला. सिस्टर मागे सामानाजवळून उतरल्या. पुढच्या सीटवरून साहेब उतरले, त्यांनी खुर्चीचा वास घेतला आणि खाली बसले.

सासूबाईंनी थोडा वेळ टेम्पोत अजून कोणी आहे का ते पाहिलं. मग चावतं का एवढंच विचारलं.

"त्यांनी अजून कुणाला चावलेलं न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "तू जीभ दाखव बघू. पांढरी दिसती."

अशा रीतीनं खोली भाड्यानं गेली.

नंतर कळलं की तो टेम्पो आधी शिरूरला त्यांच्या भावाच्या दारात उभा राहिला होता. भावानं बहिणीसाठी वरची खोली रंगवून ठेवली होती. सामान उतरलं, चहा झाला, आणि भावजयीनं सहज सांगितलं की कुत्रं मात्र कुणाला तरी देऊन टाकू. सिस्टरांनी कपबशी धुऊन पालथी घातली, सामान परत टेम्पोत चढवलं आणि तिथूनच आमचा नंबर लावला. भांडल्या नाहीत. भावाला म्हणाल्या, कुत्रं माझं असतं तर दिलं असतं, पण ते डॉक्टरसाहेबांचं हाय.

ही डॉक्टरसाहेबांची गोष्ट आमच्या आळीत आता सगळ्यांना पाठ आहे. आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले होते. एकटे होते, करमत नव्हतं, म्हणून त्यांनी हौसेनं पिल्लू आणलं. पिल्लू अंगानं पुरतं मोठं झालं आणि डॉक्टरांची बदली झाली. जाताना त्यांनी सिस्टरांना सांगितलं की तिकडे राहायची सोय झाली की येऊन घेऊन जातो, तोवर थोडे दिवस सांभाळा. सिस्टर व्हय सर म्हणाल्या. पुढे डॉक्टरांची राहायची सोय झाली, लग्न झालं, स्वतःचा दवाखाना झाला. थोडे दिवस काही संपले नाहीत.

सिस्टर मात्र ते चालूच आहेत असं धरून होत्या. डॉक्टरसाहेबांचं कुत्रं, त्याला अरे कसं म्हणायचं? त्याची हयगय कशी करायची? लस वेळेवर, नखं वेळेवर, गोड बंद. आळीतल्या कुणी बिस्कीट दाखवलं की सिस्टर लांबूनच म्हणायच्या, "परत द्यायचं हाय त्यांना. बिघडवू नको." दौंडच्या जनावरांच्या दवाखान्यात मालक कोण असं विचारलं की सांगायच्या, डॉक्टर आहेत, बाहेरगावी असतात. तिथला माणूस बरेच दिवस त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत होता. सिस्टरांनी त्याला एकदा जीभ दाखवायला लावल्यावर त्याचा तो समज आणखी पक्का झाला.

खुंटीला एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यात साहेबांची साखळी, ताटली आणि अंथरायची सतरंजी. जेवण झालं की ताटली धुऊन पुन्हा पिशवीत. न्यायला आले तर शोधाशोध नको म्हणून.

आणि मागच्या वर्षी डॉक्टर खरंच आले.

बायकोला घेऊन सोलापूरकडे निघाले होते. वरवंडला चहाला थांबले तर तिथं आरोग्य केंद्रातला जुना शिपाई भेटला, त्यानं सिस्टरांचा पत्ता आणि नंबर दिला. तासाभरात येतो असा फोन आला. त्या तासात सिस्टरांनी साहेबांना आंघोळ घातली, अंग कोरडं केलं, पट्टा बदलला, पिशवी दाराशी आणून ठेवली आणि स्वतः इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. मला हाक मारून म्हणाल्या, चहा तू कर, माझ्या हातून सांडंल. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते.

डॉक्टर भला माणूस. सिस्टरांच्या पाया पडले. बायकोला म्हणाले, यांनी मला शिकवलं, कॉलेजनं नाही. जुन्या पेशंटांची नावं निघाली, कोण गेलं कोण आहे ते झालं. साहेब मध्येच उठून डॉक्टरांच्या बुटांचा वास घेऊन आले आणि सिस्टरांच्या पायावर हनुवटी टेकून बसले. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावर हात फिरवला.

"छान आहे हो सिस्टर. तुम्हाला कुत्र्याची आवड आहे हे मला माहीतच नव्हतं. कोणाचं आहे?"

माझ्या हातात ट्रे होता. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या डॉक्टरांकडे पाहत होत्या, आणि माझ्या अंदाजानं तो माणूस थट्टा करतोय का हे तपासत होत्या. तो थट्टा करत नव्हता.

"माझंच हाय, सर," त्या म्हणाल्या.

"नाव काय?"

"मोती."

डॉक्टरांनी मोती, मोती अशी हाक मारली. त्या नावाशी साहेबांचा काही संबंध नसल्यामुळे ते उठले नाहीत. म्हातारं झालंय वाटतं, डॉक्टर म्हणाले. चहा घेऊन ते गेले.

मला राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. सिस्टर पिशवीतली ताटली काढून मोरीवरच्या फळीवर मांडत होत्या. त्यांचं म्हणणं पडलं की एवढे पेशंट बघतात, काय काय ध्यानात ठेवतील. खरं नाव सांगितलं असतं तर बायकोसमोर त्यांची मान खाली गेली असती, आणि घरी येऊन पाया पडलेल्या माणसाला तसं पाठवायचं का? पिशवी घडी करून त्यांनी मला दिली. भाजीला ने म्हणाल्या.

आता कुत्रं तुमचंच झालं, मग अजून अहो कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, वय झालं त्यांचं आता.

या उन्हाळ्यात सिस्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पुण्याला जायचं होतं, नंतर भाची काही दिवस तिच्याकडे ठेवणार होती. साहेबांचं काय हा प्रश्नच नव्हता, असं आम्हाला वाटलं. सासूबाई तर आपणहून म्हणाल्या, राहू दे आमच्यात, थोडे दिवस काय, खाईल चार भाकरी.

सिस्टर म्हणाल्या, तसं नको.

सासूबाईंना ते लागलं. त्या आत गेल्या. सिस्टर ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. साहेब मध्ये.

"मास्तरीण, नीट ऐक. हृदयाचं काम हाय, मी परत येईन न येईन. मी थोडे दिवस म्हनून ठेवून जाणार न्हाई. ठेवायचं तर तुझं म्हनून ठेव. न्हाईतर आत्ता न्हाई म्हन, मी दुसरीकडं बघते, राग न्हाई."

मी म्हणाले, सिस्टर, दोन्ही एकच की.

"एक न्हाई," त्या म्हणाल्या. एखाद्या पेशंटचा जुना आजार सांगावा तशा सुरात त्यांनी सांगितलं, "मला मालकांनी माहेरी सोडलं तवा थोडे दिवस म्हनूनच सोडलं व्हतं. मी लुगडी पेटीतून काढली न्हाईत. आई म्हनायची नर्सिंगला जा, तर मी म्हनायची, ते न्यायला आले तर? येतो म्हनून सांगितलं की मानसाला दुसरं काई करताच येत न्हाई बघ. नको म्हनले असते, तर त्याच वर्षी फॉर्म भरला असता."

इतकी वर्षं शेजारी राहून मला त्यांचं लग्न झालं होतं हेही माहीत नव्हतं. त्यांनी उत्तराची घाई केली नाही. साहेबांच्या कानातली गोचीड काढून त्या आत गेल्या.

संध्याकाळी आमच्या घरात यावर बोलणं झालं. मिस्टरांनी विचारलं, अजून किती वर्षं जगेल. सासूबाई म्हणाल्या, ते विचारून कुणाला घरात घेतात का. मी मागे जाऊन सांगितलं की ठेवते. सिस्टरांनी विचारलं, तुझं म्हणून? मी म्हणाले, माझं म्हणून. मग त्यांनी मला साहेबांच्या गोळ्या कशात लपवून द्यायच्या ते दाखवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड-दोन महिन्यांनी रिक्षा दारात थांबली आणि भाचीचा हात धरून सिस्टर उतरल्या. अंगानं अर्ध्या झाल्या होत्या. साहेब आमच्या पडवीत झोपले होते, ते उठून शेपटी आपटत फाटकाकडे निघाले, वयाच्या मानानं पळालेच. सिस्टरांनी हात मागे घेतला. त्यांनी आधी मला बोलावलं.

"कुत्रं तुझं हाय," त्या म्हणाल्या. "पर दुपारच्याला थोडा वेळ माझ्याकडं बसवलं तर चालंल का तुला?"

मी चालेल म्हणाले. मग त्या फाटकाला टेकून हळूहळू साहेबांजवळ खाली बसल्या.