काच मळवण्याचा नैसर्गिक उपाय

मला घरकामातलं सगळं कळतं, असं मी कधीच म्हणत नाही. मी सरळ करून दाखवतो! त्यामुळे रविवारी सकाळी बायकोनं शॉवरच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवून "यासाठी दुकानातून काहीतरी लिक्विड आणा" म्हटलं, तेव्हा मी नुसता हसलो.

"लिक्विड कशाला? व्हिनेगर, खायचा सोडा, लिंबू, सगळं स्वयंपाकघरातच आहे. एकदम नैसर्गिक!"

"गालिच्यावर पण नैसर्गिकच केलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

तो गालिचा आता आमच्याकडे नाही, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

आमच्या नळाला क्षाराचं पाणी येतं. वर्षानुवर्षं ते काचेवर वाळून असा पांढरा थर बसला होता, की आत माणूस आहे का टॉवेल लटकतोय हे बाहेरून कळत नसे. आणि घरात पाहुणे होते. पाहुणे म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. इकडे कायमचं राहायला या म्हणून बायको त्यांना किती दिवस विनवत होती. शेवटी ते "राहून बघतो, पण अवघडल्यासारखं झालं तर निघून जाईन" या बोलीवर आले होते.

आणि गंमत म्हणजे रुळले की हो! सकाळी थंड पाण्यानं आंघोळ करताना चक्क गायला लागले. बायको स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची आणि पदरानं डोळे पुसायची. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला चकचकीत बाथरूम द्यायचं!

लागलो कामाला. व्हिनेगर आणि सोडा स्प्रेच्या बाटलीत एकत्र भरून, झाकण घट्ट लावून, बाटली चांगली हलवली. तुमच्यापैकी ज्यांना रसायनशास्त्र येतं ते आता हसत असतील. झाकण थेट छताला! मी फेसात! आवाज ऐकून सासरे धावत आले.

"जावईबापू, काय फुटलं?"

"काही नाही बाबा, साफसफाई!"

मग मात्र रीतसर केलं. कोमट व्हिनेगरचं फडकं काचेवर चिकटवून ठेवलं, वर सोडा चोळला, कोपऱ्यात लिंबाची फोड फिरवली. घरभर असा आंबट वास सुटला, की मुलगी मैत्रिणीकडे निघून गेली. पण संध्याकाळी थर निघाला! काच अशी झाली, की दार आहे हे कळायला हात लावून बघावं लागे. त्या रात्री मी फार समाधानानं झोपलो.

सोमवारी सकाळी मी डोळे चोळत, ब्रश तोंडात घालून नेहमीप्रमाणे बाथरूममध्ये शिरलो. कारण आमच्या घरात बाथरूम एकच. सकाळच्या घाईत एकजण काचेआड आंघोळ करतो, दुसरा बेसिनवर दात घासतो, अशीच पद्धत. दाराला कडी नाही का, असं तुम्ही विचाराल. होती. मुलगी लहानपणी आत अडकली, तेव्हा मीच ती उचकटून काढली. परत बसवायची राहूनच गेली.

गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पेस्टचा फेस माझ्या हनुवटीवरून ओघळत होता, पण तो पुसायचंही सुचेना.

"बाबा, आज हवा छान आहे," मी म्हणालो.

ते चहालाही आले नाहीत. थोड्या वेळानं खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायको आत गेली, तशीच बाहेर आली.

"दुपारच्या गाडीनं निघतो म्हणतायत. 'मी आपला माझ्या घरीच बरा' म्हणाले." आणि ती रडायलाच लागली. "अहो, कसेबसे गायला लागले होते हो!"

तो पांढरा थर म्हणजे मळ नव्हता, आमच्या घराची अब्रू होती, आणि मी ती लिंबानं घासून काढली होती! मी तडक स्वयंपाकघरात गेलो. मैद्याची खळ शिजवली, तिच्यात साबण किसला, घट्टपणासाठी दही घातलं. सगळं नैसर्गिकच! आणि दोन्ही हातांनी काचेला फासायला लागलो.

"हे काय चाललंय?"

दारात सासरे. टॉवेल न्यायला आले होते.

"काच मळवतोय, बाबा."

"कशाला?"

"तुम्ही राहावं म्हणून." आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं? "तुम्ही गेलात तर ही फार रडेल. आणि मलाही करमणार नाही. तुमचं गाणं बेसूर आहे, पण सवय झालीय."

त्यांनी काचेकडे पाहिलं. मग टॉवेल खुंटीला परत लावला, बाह्या सरसावल्या आणि कपड्यांनिशी शॉवरमध्ये शिरून दार लावून घेतलं.

"दिसतोय का?"

"डोकं दिसतंय."

"आता?" ते खाली बसले.

"गुडघे दिसतायत!"

"मग तिथे लावा ना! हात आखडता कशाला घेताय?"

नेमकी तेव्हाच बायको आली. नवरा कोपरापर्यंत दह्यात, वडील इस्त्रीच्या शर्टात शॉवरखाली उकिडवे!

"बाबा, गाडी चुकेल ना?" तिनं घाबरत विचारलं.

"कसली गाडी?" आतून आवाज आला. "इथे काम पडलंय!"

बायको रडता रडता हसायला लागली. हसू आवरल्यावर म्हणाली, "अहो, पण शॉवरला लावायचा पडदा बाजारात मिळतो की!"

आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी पडदा आला. सासरे राहिले, कायमचे. फक्त काचेवरची खळ वाळून दगड झाली आणि तिला वास सुटला. ती कोण काढणार, असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी उत्साहानं उठलो.

"कोणीही काढा," सासरे म्हणाले, "जावईबापू सोडून!"