कमिशनरसाहेब आत राहिले

"एका तासात मोकळा होतो बघ! मुहूर्ताआधी दारात हजर!" असं बायकोला छातीठोकपणे सांगून वकील तुळजाराम नेसल्या पांढऱ्या वेष्टीवरच काळा कोट चढवून निघाले. त्या दिवशी त्यांच्या लेकीचा, हरिताचा निश्चितार्थ म्हणजे साखरपुडा होता, वरपक्ष पापनाशमहून अकराला येणार होता. महालक्ष्मीबाईंनी डोळे वटारले, पण तुळजाराम ऐकतात कसले! इतक्या वर्षांच्या वकिलीत प्रथमच कोर्टानं हुकूम अमलात आणायला त्यांना कमिशनर नेमलं होतं!

भांडण तंजावूरच्याच एका चर्चचं. जेबराजांचा गट म्हणे, इमारत मूळ मंडळाची, म्हणजे आमची. अरुळनेसनांचा गट म्हणे, आम्ही मंडळ सोडलं, चर्च नाही सोडलं! निकालापर्यंत ताबा कुणालाच नाही, दोघांनी आपापलं कुलूप घालून दार सील करावं, असा हुकूम झाला. तुळजारामांनी वर आपलीही अट घातली: सील फोडायचं ते कमिशनरच्या डोळ्यांसमोरच! दोघांच्या सह्याही घेतल्या.

आपण अगदी मधोमध राहायचं, हा त्यांचा बाणा. एका गटाची फिल्टर कापी प्यायले म्हणून लगेच दुसऱ्या गटाचीही प्यायले. बाजूचं दार स्वतः बाहेरून सील केलं. मग मुख्य दाराच्या उंबऱ्यावर बरोबर मध्यावर, बाहेर तोंड करून उभे राहून गरजले, "दोघांनी एकदम! कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही! लावा!"

दाराच्या दोन्ही फळ्या दोन्हीकडून धावून आल्या. डावीकडे उतरावं तर जेबराजांची बाजू, उजवीकडे उतरावं तर अरुळनेसनांची! तुळजाराम अत्यंत निःपक्षपातीपणे सरळ मागे सरकले.

खट्ट! खट्ट! वर गरम लाख!

"अहो, मी आत आहे!" ते खिडकीच्या गजांतून ओरडले.

"उघडतो सार," जेबराज म्हणाले, "पण सील तुमच्या डोळ्यांसमोर फोडायचंय."

"मग फोडा की! मी आहे ना!"

"तुम्ही आहात सार. कुलूप बाहेर आहे. दिसतंय का तुम्हाला?"

"दिसत नाही, पण..."

"मग कोर्टाचा अवमान होईल सार!" अरुळनेसन म्हणाले. जेबराजांनी जोरात मान डोलावली. कित्येक वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं!

न्यायाधीश प्रवासात, फोन बंद. शेवटी तुळजारामांनी घाबरत घाबरत घरी फोन लावला.

"कोठें आहात?" महालक्ष्मीबाईंनी विचारलं.

"चर्चमध्ये. सील झालोय."

"अय्यो! मुहूर्त टळायचा नाही. तेथेंच थांबा!"

जणू ते कुठे जाणार होते! अर्ध्या तासात रेशमी पट्टुसाड्यांची वरात खिडकीखाली आली. व्याही बाळकृष्णरावांनी ताट पुढे केलं, ते गजांत अडकलं. मग केळी एकेक करून आत गेली, विडा गेला, नारळ काही जाईना! जेबराजांच्या माणसांनी पाहुण्यांना सावलीला खुर्च्या मांडल्या. ते पाहून अरुळनेसनांच्या माणसांनी गरमागरम बज्जी आणली. मग तर दोन्ही गटांचे गायक एकमेकांवर कुरघोडी करत मंगलगीतं गायला लागले! तुळजारामांनी गजांतून लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि त्यांना खरंच रडू आलं.

संध्याकाळी न्यायाधीशांनी फोनवरून परवानगी दिली तेव्हा कुठे दार उघडलं.

सोमवारी दोन्ही गटांनी मिळून अर्ज केला: "चर्चचा प्रत्यक्ष ताबा वकील तुळजाराम यांच्याकडे असून ते आत घरगुती समारंभ करतात. सबब त्यांनाही प्रतिवादी करावे."

तुळजाराम घरी येऊन मटकन बसले. महालक्ष्मीबाईंनी नोटीस घेऊन वाचली आणि खुदकन हसल्या.

"अहो, साक्षीदार म्हणून माझं नांव आहे कीं!"

"मग? काय सांगणार कोर्टात?"

"खरं तेंच! सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताबा तुमचाच होता. एक केळंसुद्धां बाहेर दिलं नाहींत!"