शेरे तेवढे उरले

शनिवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी कात्रीसाहेबांनी ‘आत्ता’ या बटणावर बोट दाबलं आणि ३ वाजून १४ मिनिटांनी त्यांची ११ वर्षं नाहीशी झाली.

कात्रीसाहेब हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऑफिसात लोकांची प्रवासखर्चाची बिलं मंजूर करणं, म्हणजे कापणं, हे त्यांचं काम. टॅक्सीच्या बिलावर ‘चालता आलं असतं’, जेवणाच्या बिलावर ‘इतकी भूक?’ असे शेरे मारून ते बिल अर्ध्यावर आणत. कापलेल्या पैशातला छदामही त्यांना मिळत नसे. एवढं निर्मळ प्रेम फार कमी लोकांच्या वाट्याला येतं.

घरीही तेच. संगणकावर गेली ११ वर्षं ‘घरखर्च’ नावाचा प्रोग्राम होता. त्यात ३ रकाने: कशावर, किती आणि शेरा. बाकीचं जग तो तिसरा रकाना मोकळा सोडतं. कात्रीसाहेब त्याच्यासाठी जगत. आकडे लक्षात ठेवायचं हलकं काम त्यांनी संगणकाला देऊन टाकलं होतं.

२ वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच ठरलं होतं की खर्च कात्रीसाहेबांनी करायचा आणि निम्मा दादाने द्यायचा. दादा तेव्हापासून म्हणत होता, “आकडा सांग, लगेच देतो.” पण आकडा असा नुसता सांगून टाकायचा? मग दादाला लाज कशी वाटणार? कात्रीसाहेबांनी ४६ पानांचा अहवाल रचला होता. रविवारी ४ वाजता दादाने यावं, तो वाचावा आणि मान खाली घालून चेकवर सही करावी, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

अहवाल छापायला गेले, तर प्रोग्राम म्हणाला, आधी नवीन आवृत्ती घ्या. त्यांनी ‘आत्ता’ दाबून घेतली. पडदा मिटला, उघडला. रकाने होते, रंग नवा आणि फार प्रसन्न होता. वर लिहिलं होतं: ‘स्वागत! तुमचा पहिला खर्च नोंदवा.’

(याच क्षणी या गोष्टीतलेही आकडे गेले. इथून पुढे □ दिसला, तर तिथे आकडा होता असं समजावं. अक्षरांना धक्का लागलेला नाही.)

“आई!” कात्रीसाहेब किंचाळले. “तुझा गुडघा गेला!”

आईने आतल्या खोलीत पाय हलवून पाहिला. “नाही रे, आहे की जागेवर.”

त्यांनी कंपनीला फोन लावला. प्रतीक्षेत त्यांचा क्रमांक □वा होता. □ मिनिटं बासरी ऐकल्यावर गोड आवाजाची मुलगी आली.

“काळजी करू नका सर, तुमचा डेटा पूर्णपणे सुरक्षित आहे.”

“कुठे आहे?”

“ते आम्हाला दिसत नाही सर. म्हणून तर सुरक्षित आहे. तुम्ही बॅकअपची योजना घेतली होती का?”

घेतली नव्हती. महिना □ मागत होते. त्यावर कात्रीसाहेबांनी ‘भीती विकण्याचा धंदा’ असा शेरा मारला होता.

“पावत्या!” ते बायकोकडे वळले. “दवाखान्याच्या पावत्या तू त्या निळ्या पिशवीत ठेवायचीस ना?”

“ठेवायचे.”

“मग काढ की!”

“अहो, तुम्हीच रद्दीत घातल्यात. म्हणालात, सगळं संगणकात असताना कचरा कशाला साठवतेस. वर रद्दीचे किती आले तेही संगणकात लिहिलंत.”

“किती आले होते?”

“ते आता संगणकाला विचारा,” बायको म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

उरला मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ संगणक दुरुस्त करायचा, त्यामुळे कात्रीसाहेबांच्या हिशेबी तो उनाडात जमा होता. आता मात्र त्यांनी फोनवर त्याला ‘अरे राजा’ म्हटलं. मेहुणा आला, मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, “दुकानात न्यावं लागेल, भाऊजी. काय निघेल सांगता येत नाही.”

“जे निघेल ते सगळं छाप आणि उद्या □ वाजता थेट घेऊन ये. दादासमोर कागद पाहिजे.”

“सगळं छापू?”

“एक ओळ सोडायची नाही!”

रविवारी दादा अगदी वेळेवर आला. आई आतून काठी टेकत आली आणि त्याच्या शेजारी बसली. दादाने चेकबुक काढून टेबलावर ठेवलं. कात्रीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“येतोय अहवाल. जरा दम धर. एकेक बाब कळेल तुला.”

मेहुणा आला, तो खांद्याला मशीन आणि हातात भलामोठा गठ्ठा घेऊन. कात्रीसाहेबांनी हात पुढे केला, पण त्याने तो सरळ दादाच्या मांडीवर ठेवला.

“तुमच्यासाठीच आहे ना? घ्या. एकच गडबड झालीय. जुन्या फाइलीत आकडे एका डब्यात होते आणि शेरे दुसऱ्या. नव्या आवृत्तीने आकड्यांचा डबा पुसून टाकला. शेऱ्यांना तिने हातही लावला नाही. तिलाही ते कामाचे वाटले नसावेत.”

दादाने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. मोठ्याने.

“‘आई, गुडघा. □. दादा भेटायला आला. सफरचंदं आणली. त्यातलं निम्मं स्वतःच खाल्लं.’”

“तू खाल्लं होतंस,” आई कात्रीसाहेबांना म्हणाली.

“‘आई, चष्मा. □. आधीचा चांगला होता. हिला असं काय बघायचंय?’ ‘बायको, चपला. □. घरातच तर असते.’ ‘बायकोच्या बहिणीला वाढदिवसाची भेट. □. ती तरी कुठे खूश झाली?’ ‘मेहुणा, पडदा दुरुस्त केला. पैसे घेतले नाहीत. नक्की काहीतरी डाव आहे.’”

बायको दारात उभी होती. तिने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. त्या चपला अजून त्याच होत्या.

कात्रीसाहेबांनी विषय बदलायचा म्हणून मेहुण्याला विचारलं, “तुझे किती झाले?”

“□.”

“एवढे? मागच्या वेळी तर काही घेतलं नव्हतंस!”

“मागच्या वेळी डाव होता, भाऊजी.”

दादाने गठ्ठा बाजूला ठेवला. त्याची मान खाली गेली नव्हती. उलट खांदे हलत होते. तो हसू दाबत होता. त्याने पेनाचं टोपण काढलं.

“बरं, कागद राहू दे. तू आकडा सांग. मी लिहितो.”

“असा? तोंडी?”

“तोंडी. माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

आयुष्यात कात्रीसाहेबांवर एवढा अन्याय कोणी केला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. आत शेरे खच्चून भरले होते, आकडा एकही नव्हता. अडतीस की त्र्याऐंशी? लाख एक की दोन? ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. याच शब्दापायी त्यांनी ऑफिसातल्या कितीतरी लोकांची बिलं फाडली होती. त्यांनी तो गिळला.

“दोन लाख अडतीस हजार चारशे पन्नास,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“आई, तुला कसं माहीत?” दादाने विचारलं.

“हा रोज सकाळी संगणक उघडून मोठ्याने वाचतो ना. मी पलंगावरून पाय खाली ठेवला की वाचतो. दोन वर्षं झाली. मला तारखा आठवत नाहीत, नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत. पण हा आकडा झोपेतून उठवलंत तरी सांगेन.”

दादाचं हसू गेलं. मग त्याने निम्म्या रकमेचा, १,१९,२२५ चा चेक लिहिला, अक्षरांत लिहिला, अंकांत लिहिला (गोष्टीत परत आलेला हा पहिलाच आकडा), आणि सही केली. मान ताठ ठेवून.

आईने चेक हातात घेतला, चष्म्यातून नीट बघितला आणि कात्रीसाहेबांना दिला.

“फिटलं ना सगळं?”

“फिटलं,” कात्रीसाहेब पुटपुटले.

“मग आजपासून हा गुडघा माझा.” आई उठली. काठी तिने खुर्चीलाच टेकलेली राहू दिली आणि सुनेला म्हणाली, “चल गं, जरा खाली फिरून येऊ. आणि जाताना तुला चपला घेऊ. पैसे माझे.”

त्या गेल्या. मेहुण्याने मशीन जोडून दिलं, आपले □ घेतले आणि दादाला सोडायला गेला. कात्रीसाहेब एकटेच प्रसन्न रंगाच्या पडद्यासमोर बसले. नोंद तर करायलाच हवी होती.

कशावर: आईचा गुडघा, दादाकडून
किती: १,१९,२२५
शेरा: □