पोरगा तोट्यात हाय!

माणिकप्पाला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत बरं का. हे खुद्द माणिकप्पाच म्हणतात. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात आडतीच्या गादीवर बसून दिवसातून निदान चारदा म्हणतात. तुरीच्या पोत्यात नुसता हात घातला की तळाला खडे किती ते त्यांना कळतं. दारात आलेला माणूस आधी कुठल्या पायातली चप्पल काढतो, यावरून ते त्याच्या तीन पिढ्यांची नियत ओळखतात. देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा एक डोळा महादेवावर आणि एक चपलांवर!

अशा या वाघाला भीती होती ती फक्त एका शब्दाची. तो शब्द म्हणजे 'तोटा'.

दिवा विझवायचा नाही, 'वाढवायचा'. दुकान बंद करायचं नाही, 'वाढवायचं'. एवढं तर सगळेच व्यापारी पाळतात. माणिकप्पा त्याच्या पुढे चार पावलं. त्यांच्या आडतीत तोटा म्हणायची सोय नव्हती. 'उलटा फायदा' म्हणायचं! नळाच्या तोटीला 'नळाचं नाक' म्हणायचं. मुनीम शेषेराव तीस वर्षांत असे तयार झाले होते की, समोरच्यानं तो शब्द उच्चारला तरी त्यांच्या लेखणीतून 'उलटा फायदा'च उतरायचा. हात आपोआप वळायचा बिचाऱ्यांचा!

गोष्ट दोन हजार तीनच्या उन्हाळ्यातली. दुष्काळ असा की नळाच्या नाकातून पंधरा दिवसांत थेंब नाही. टँकर आला की गल्लीत लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी. त्यात गावात दर वर्षीप्रमाणे खबर उठलेली, येत्या पंधरा ऑगस्टला उदगीर जिल्हा होणार! ही खबर माणिकप्पांच्या फार उपयोगाची होती.

कारण त्यांची मुलगी शिवकांता. चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, सालस. आणि तिची सहा स्थळं माणिकप्पांनी नुसत्या संशयावर मोडली होती! एक मुलगा फार हसतो म्हणून. दुसरा मुळीच हसत नाही म्हणून. तिसऱ्याच्या बापानं चहात न बघता चहा प्यायला म्हणून! काही कारण सापडलं नाही की म्हणायचे, "थांबा की वो. एकदा उदगीर जिल्हा होऊ द्या. मग जिल्ह्याच्या ठिकाणची पोरगी म्हणून कलेक्टर मागणी घालंल!"

सातवं स्थळ आलं नांदेडहून. आणि यावेळी दोन नव्या गोष्टी घडल्या. देगलूरच्या एका लग्नात मुलाला पाहिलेली शिवकांता पहिल्यांदाच लाजून "हाव" म्हणाली. आणि तिची आई पार्वतम्मा कमरेला पदर खोचून म्हणाली, "आयका. हे स्थळ मोडलं तर मी भालकीला माह्येरी चालले. अन् परत येनार न्हाई. तुमी बसा पोत्यात हात घालून!"

माणिकप्पांनी निमूटपणे नांदेडला फोन लावला. स्थळ सुचवणारे महादेवप्पा म्हणजे पार्वतम्माचे सख्खे भाऊ. पण घात तिथंच झाला. महादेवप्पांनी दोन दिवसांपूर्वी नवी कवळी बसवली होती. ती तोंडात बैलासारखी बिथरायची आणि 'ट' म्हणायला गेलं की 'त' बाहेर यायचा. इकडे मोंढ्यात सौदा चाललेला, हमालांचा ओरडा.

"दाजी, पोरगा हिरा हाय, हिरा! विष्णुपुरीच्या कालेजात इंजिनेर झाला!"

"करून काय राहिलाय?"

महादेवप्पांना म्हणायचं होतं 'टोयोटात हाय'. ती हो, जपानी मोटारींची कंपनी. तिच्या गाड्या विकणाऱ्या नांदेडच्या एका दुकानात पोरगा इंजिनिअर होता. पण कवळीतून, तारांतून आणि हमालांच्या ओरड्यातून गाळून उदगीरला पोचलं ते असं:

"तोत्यात हाय!"

माणिकप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. शिवा शिवा! मग परत जवळ आणला.

"कशात?"

"तोत्यात! दोन वर्सं झाली. आता परमनंत व्हनार हाय!"

"परमनंट?"

"मग! सगळ्यांला जमत न्हाई त्ये. लई परीक्षा देऊन लागलाय. त्याच्या आईनं गल्लीत पेढे वातले!"

माणिकप्पांच्या कपाळावर घाम आला. पोरगा बुडालेला, पुढेही बुडणार आणि आई पेढे वाटते! यात काहीतरी काळंबेरं आहे. पण स्थळ मोडावं तर भालकी! शेवटी त्यांनी ठरवलं, येऊ द्या. समोरासमोर पकडतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!

रविवारी दुपारी मुलगा आला. राजशेखर. सोबत फक्त आई कमलम्मा, वडील नव्हते. महादेवप्पांच्या हिरड्या सुजल्या म्हणून ते नांदेडलाच राहिले. मायलेक उतरले ते पांढऱ्या, भल्या थोरल्या क्वालिस गाडीतून! माणिकप्पांचे डोळे बारीक झाले. तोट्यातला माणूस आणि एवढी गाडी? नक्कीच कुणाची तरी उचलून आणलीय.

चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली. चहा आला. राजशेखरनं चहात नीट बघून चहा प्यायला, हेही माणिकप्पांना संशयास्पद वाटलं. आता मुद्द्याचं विचारायचं होतं, पण तो शब्द तर जिभेवर घ्यायचा नाही.

"महादेवप्पा म्हनत व्हते," त्यांनी घसा साफ केला, "तुमी... त्यात हाव म्हनं."

"हो मामा, त्यातच," राजशेखर हसला.

"बाहेर पडायचा इचार?"

"छे! आता त्यातच आयुष्य काढायचं. एकदा त्यात शिरलं की माणूस दुसरीकडं जात नाही."

माणिकप्पांनी कमलम्मांकडे पाहिलं. "अन् तुमाला काई वाटत न्हाई?"

"लई अभिमान वाटतो की! त्याच्या दोन मित्रांलाबी त्यानंच त्यात घेतलं."

दोन मित्रांनाही बुडवलं! माणिकप्पा उठलेच. "आलो," म्हणाले आणि थेट अंगणात. गाडीचे कागद बघायचे, चोरीची निघाली की इथंच पंचनामा! पुढची दारं कुलूपबंद. मागचं मोठं दार मात्र मुलानं नारळाची पिशवी काढताना नुसतं ढकलून ठेवलं होतं. माणिकप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतर सावरलं आणि मागून आत चढले. गल्लीतलं कुणी बघू नये म्हणून दार आतून ओढून घेतलं.

खट्!

दार लागलं. आणि मग कळलं की ते आतून उघडतच नाही! पुढे जायला सीट ओलांडावी लागत होती. पण माणिकप्पांचं पोट सीटच्या पाठीवर जे अडकलं ते ना अलीकडे, ना पलीकडे. तेवढ्यात अंगणात आवाज आले. हाक मारावी? काय म्हणून? 'तुमची गाडी धुंडाळताना अडकलो' म्हणून? लाजेनं माणिकप्पा कसेबसे मागे सरकले आणि मागच्या दोन बाकांच्या मध्ये, रिकाम्या पाण्याच्या कॅनशेजारी दबून बसले.

"अहो! अहो!" पार्वतम्मा घरभर हाका मारत होती. "मोंढ्यात गेले असतील... काई काम निघालं असंल..." तिचा आवाज ओला झाला होता. शिवकांता दारात खांबाला धरून उभी होती. काचेतून माणिकप्पांना तिचा चेहरा दिसला. असा चेहरा त्यांनी सहा वेळा बघायचं टाळलं होतं.

अर्धा तास वाट बघून मायलेक गाडीत बसले. गाडी निघाली! मागे माणिकप्पा प्रत्येक खड्ड्याला उडत होते, कॅन डोक्यावर आपटत होता, पण तोंडातून शब्द नाही. जळकोट आलं. नव्या तालुक्याची नवी पाटी मागे पडली.

तेव्हा कमलम्मा म्हणाल्या, "पोरगी लाख मोलाची. पर बापाचं काई खरं न्हाई, राजू. निरोपालाबी थांबला न्हाई. त्यांला तुझी टोयोटा पसंत न्हाई दिसत."

टो-यो-टा! कमलम्मांचे दात शाबूत होते. शब्द कसा बंद्या रुपयासारखा खणखणीत आला.

"आँ! टो-यो-टा?" मागून डरकाळी उठली.

कमलम्मांनी किंकाळी फोडली. राजशेखरनं करकचून ब्रेक मारला. माणिकप्पा कॅनसकट पुढच्या सीटवर आले, टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे!

"मामा? तुम्ही? गाडीत कधी बसलात?"

"त्ये ऱ्हाऊ द्या!" माणिकप्पा धापा टाकत म्हणाले. "तुमी तो... उलट्या फायद्यात न्हाईत?"

मग रस्त्याकडेच्या लिंबाखाली सगळा उलगडा झाला. क्वालिससुद्धा टोयोटाचीच निघाली! कमलम्मा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण माणिकप्पांचा संशय असा सहजासहजी जातोय होय!

"पर असलं अभद्र नाव ठिवलंच कशाला म्हनतो मी? धंद्याच्या मानसानं?"

राजशेखरला आता रंग चढला. "मामा, मूळ नाव मालकांच्या आडनावावरनं टोयोडा. पण त्यांच्या लिपीत टोयोटा लिहिलं की बरोबर आठ रेघांत बसतं. आठ आकडा तिकडं शुभ. म्हणून मुद्दाम बदललं."

"आठ?" माणिकप्पांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आठ तर शनीचा." मग एकदम फुलले. "न्हाई, न्हाई! आठ म्हंजे आपलं लिंगायतांचं अष्टावरण! शिवा शिवा! म्हंजे मालक आपल्यातलाच की. शकुन बघून शबूद बदलनारा!"

"आणि गाड्यांच्या आधी त्यांचे माग होते मामा, कापड विणायचे. असा माग बनवला की एक धागा तुटला तरी आपोआप थांबायचा. वाईट कापड पुढं जायचंच नाही. तीच शिस्त पुढं मुलानं गाड्यांत आणली. म्हणून तर लोक डोळे झाकून घेतात."

"मागाला संशय यायचा?" माणिकप्पा हरखून उभेच राहिले. "बघा! आपला सभाव म्हनजे जपानी सभाव हाय! गाडी फिरवा!"

गाडी उदगीरला परतली तेव्हा पार्वतम्मा बॅग भरून, पायात चपला घालून भालकीच्या गाडीची वेळ विचारत होती. माणिकप्पा क्वालिसमधून राजासारखे उतरले आणि ओट्यावरूनच सुरू झाले, आठ रेघा काय, अष्टावरण काय, माग काय! "धागा तुटला की माग थांबायचा! माझ्यावानी! मला उगं संशयी म्हनता!"

शिवकांताचे डोळे लाल होते. ती बापासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"अप्पा, त्यो माग धागा जोडायसाठी थांबत असंल. तुमी सहा बारी थांबलात, अन् सहा बारी तोडूनच टाकलात."

माणिकप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. पोत्याच्या तळाचा खडा ओळखणाऱ्या माणसाला घरातली पोर सहा वेळा रडलेली कळली नव्हती.

"चुकलं माय माजं," ते हळूच म्हणाले. मग एकदम पार्वतम्मावर ओरडले, "चपला काय घालून उभी ऱ्हायलीस? साखर आन! जोडला धागा!"

आठ दिवसांत तारीख निघाली आणि लग्न त्याच तारखेला, टँकरच्या पाण्यावर का होईना, थाटात लागलं. उदगीर जिल्हा होण्याची वाट माणिकप्पांनी पाहिली नाही. फक्त पत्रिकेचा तेवढा घोळ झाला.

मजकूर माणिकप्पांनी आडतीवर फोन करून स्वतः सांगितला. छाती फुगवून, आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता! "लिवा शेषेराव! चिरंजीव राजशेखर, बी.ई., टोयोटात, नांदेड!"

मोंढ्यात सौदा चालू होता. हमालांच्या ओरड्यात शेषेरावांना 'तोट्यात' ऐकू आलं आणि घाम फुटला. मालकाच्या तोंडून तो शब्द! लग्नाच्या आनंदात घसरला असेल. आपण सावरायचं नाही तर कुणी? तीस वर्षांच्या इमानानं त्यांचा हात आपोआप वळला.

पाचशे पत्रिका छापून आल्या. सोनेरी अक्षरात: 'चि. राजशेखर, बी.ई., सध्या उलट्या फायद्यात, नांदेड.'

माणिकप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं. संतापानं फोन उचलला, पण तशातही अभद्र शब्द तोंडातून काढला नाही. पत्रिका फाडा, जाळा असं शुभकार्यात म्हणायचं कसं? ते आपल्या रीतीप्रमाणेच म्हणाले, "शेषेराव! त्या सगळ्या पत्रिका आधी वाढवा!"

संध्याकाळी शेषेराव हसतमुखानं घरी आले. आणखी पाचशे छापून!