खुर्चीचा होकार

आमच्या गावात खुर्ची विकत मिळत नाही. तिला बघायला जावं लागतं, चहा-पोहे घ्यावे लागतात आणि मग तिचा होकार यावा लागतो.

मला खुर्ची लाईव्हसाठी हवी होती. कायद्याची परीक्षा झाल्यापासून मी रोज संध्याकाळी फोनसमोर उभी राहून लाईव्ह करत होते. हॉस्टेलवाले अनामत परत देत नाहीत, मालक मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतो, असे मुलींचे प्रश्न यायचे आणि मी उत्तरं द्यायचे. सगळं ठीक चाललं होतं, पण प्रश्न आखूड येत होते. उभ्या माणसाला कुणी लांबलचक प्रश्न विचारत नाही. समोरचा कधीही निघून जाईल असं वाटत राहतं.

एकदा एका मुलीने लिहिलं, ‘ताई, माझ्या घरी एक अडचण आहे, जरा मोठी आहे.’ मी म्हटलं, सांग. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, ‘जाऊ दे. तुम्ही घाईत दिसता.’ आणि ती गेली. तिचं नावही खरं नव्हतं, नुसतं ‘चिमणी’ असं होतं. त्यानंतर मी रोज लाईव्ह सुरू केल्यावर आधी चिमणी आली आहे का ते बघायचे. ती येत नव्हती.

आमच्या घरात खुर्च्या आहेत. मी प्रत्येकीला रीतसर विचारलं. कॅमेऱ्यासमोर यायचं तर खुर्चीची संमती लागते, आणि मी कायदा शिकलेली असल्यामुळे ती न घेता कुणालाही ओढून आणणं मला शोभलं नसतं. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या म्हणाल्या, आलो तर चौघी येऊ, नाहीतर कुणीच नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, आरामखुर्ची तयार होती. पण तिच्यात रेलूनच बसावं लागतं, आणि रेलून दिलेला सल्ला कोणती मुलगी ऐकेल? तेव्हा बाहेरची खुर्ची बघायची असं ठरलं. ठरलं म्हणजे अण्णा आणि पुष्पाआत्याने ठरवलं. लाईव्ह म्हणजे काय हे दोघांना नीट माहीत नव्हतं, पण खुर्ची कशी असावी हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिलं स्थळ लाल-काळ्या खुर्चीचं होतं. उंच पाठ, दोन्ही बाजूंना पंख, मानेला वेगळी उशी. अण्णा तिच्यावर खूश झाले. आमदाराच्या मागे शोभेल अशी आहे, असं ते दोनदा म्हणाले. खुर्चीने मला एकच प्रश्न विचारला, माझे फॉलोअर किती. मी आकडा सांगितला. तिने पाठ जराशी मागे कलवली आणि घरच्यांशी बोलून कळवते म्हणाली. तिने अजून कळवलेलं नाही.

दुसरी सागवानी होती, निवृत्त नायब तहसीलदारांच्या घरची. आत्याला घराणं पसंत पडलं. खुर्ची म्हणाली, मी दिवेलागणीनंतर कुणाच्या नजरेसमोर येत नाही, आमच्यात ती पद्धत नाही. माझं लाईव्ह दिवेलागणीनंतरच असतं. आत्या वाटेत म्हणाली, "मग तू सकाळी कर की. खुर्ची किती वळणाची आहे बघ."

मी म्हटलं, मुली सकाळी कॉलेजला असतात. आत्या म्हणाली, तेच चांगलं आहे.

त्यानंतर होनरावांचा निरोप आला.

होनराव काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. त्यांची मुलगी निवेदिता लाईव्हवर जर्मन शिकवायची. शिकवता शिकवता तिला जर्मनीतच नोकरी लागली आणि ती गेली. मागे तिची खुर्ची राहिली. राखाडी जाळीची पाठ, पाच चाकं, डाव्या हातावरचं काळं आवरण कोपराने घासून पांढुरकं झालेलं. मी दारातून आत गेले तेव्हा ती खिडकीशी होती. रस्त्याकडे तोंड करून.

आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात खुर्चीवर आधी टॉवेल अंथरतात आणि बघायला आलेल्याने टॉवेलावरच बसायचं असतं. टॉवेल न ठेवता बसलं की शब्द दिला असं धरतात. मग मागे फिरता येत नाही. काकूंनी घडी केलेला पांढरा टॉवेल आणला, नीट पसरला, आणि पोहे आणायला आत गेल्या.

आत्याने नेहमीचे प्रश्न सुरू केले. एखादं चाक अडतं का, वर-खाली होताना आवाज येतो का, जाळी कुठे सैल पडली आहे का. खुर्चीने सरळ उत्तरं दिली. मागचं एक चाक फरशीच्या सांध्यात अडतं. आवाज येतो, पण हळू. जाळी कमरेपाशी सैल आहे. अण्णांनी वजन किती पेलते विचारलं. ती म्हणाली, इतकी वर्षं एकच वजन पेललं आहे, दुसऱ्याचं सांगता येणार नाही.

अण्णांनी आत्याकडे पाहिलं. आधी कुणी बसलेली खुर्ची आमच्या घरात कधी आलेली नव्हती.

"म्हणजे सवय तिचीच आहे," आत्या म्हणाली.

"हो," खुर्ची म्हणाली. "आणि मी तिची वाट बघते आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. तुमची मुलगी बसली तर मी तिला नीट सांभाळीन, पाठ दुखू देणार नाही. पण वाट बघणं सोडणार नाही."

काकूंनी आणून दिलेली पोह्यांची बशी अण्णांनी खाली ठेवली आणि ते उठले. ते उठले म्हणजे विषय संपला, अशी आमच्या घरातली रीत आहे. आत्या मला खुणेने उठ म्हणाली आणि कानाशी पुटपुटली की फोनवर सगळं गाव बघणार, होनरावांच्या पोरीची उष्टी खुर्ची म्हणणार, आणि उद्या तुझ्यासाठी कुणी आलं तर तेही हेच विचारणार.

मी तिला विचारलं, "ती खरं बोलली म्हणून नको का?"

"तुझ्या भल्याचं सांगतेय, केतकी."

माझं भलं या घरात फार लोकांना माहीत आहे. मला मात्र त्या खोलीत एवढंच दिसत होतं, की आजवर भेटलेल्यांत ही एकटीच अशी होती जी कुणाची तरी वाट बघत होती आणि जिला ते सांगायची लाज नव्हती. मी टॉवेल उचलला, घडी करून अण्णांच्या हातात दिला आणि बसले.

जाळी कमरेपाशी सैल होती ते खरं होतं. तिथे माझी पाठ नीट बसली नाही, कारण तो खळगा दुसऱ्याच कुणाचा होता. खुर्चीने हळूच विचारलं, "तुझं काय?"

मी म्हटलं, "मी पण एकीची वाट बघते आहे. ती कोण आहे ते मला माहीत नाही."

"चालेल," खुर्ची म्हणाली.

काकूंनी खुर्चीची ओटी भरली. नारळ तिच्या बैठकीवर ठेवला, खण उजव्या हातावर, आणि डाव्या हाताच्या घासलेल्या जागेवरून एकदा बोटं फिरवली. टेम्पोत चढवताना खुर्ची रस्त्याकडे तोंड करून राहिली. घरी येईपर्यंत टॉवेल अण्णांच्या हातातच होता.

त्या संध्याकाळपासून मी बसून लाईव्ह करू लागले, आणि प्रश्न लांब झाले. मुली सुरुवातीपासून सांगू लागल्या. आधी सासू कशी होती, मग नणंद काय म्हणाली, मग बँकेच्या पासबुकाचं काय झालं. एकीने तर मध्ये दूध उतू जातंय म्हणून लिहिलं, जाऊन गॅस बंद करून आली आणि पुन्हा सांगू लागली. मी कुठे जाणार नाही हे त्यांना दिसत होतं.

खुर्चीला वाचता येत नाही. म्हणून लाईव्ह संपलं की ती रोज विचारायची, "आज कोण कोण होतं?" मी नावं सांगायचे. ती सगळी ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "आणि तुझी?" मी म्हणायचे, नाही आली. मग आम्ही दोघी थोडा वेळ तशाच असायचो. जेवायला हाक आली तरी मी लगेच उठत नसे. आत्याचं म्हणणं होतं की खुर्चीने मला बिघडवलं.

एकच अडचण होती. मी बोलत असताना खुर्ची कळत-नकळत दाराकडे वळायची, आणि तिच्याबरोबर मीही. बघणाऱ्यांना माझा एकच कान दिसायचा. मी पाय टेकवून पुन्हा समोर यायचे. कुणी त्याबद्दल विचारलं नाही. दार उघडं असलं की माणूस तिकडे बघतोच.

मग एका बुधवारी, भाडेकराराबद्दल बोलत असताना, स्क्रीनवर नाव आलं. निवेदिता होनराव. शेजारी छोटा फोटो, लोकरी टोपी घातलेला. तिने लिहिलं होतं, ‘हाय. ही खुर्ची लाईव्हसाठी बरी आहे का? दोन तास बसता येतं? मी पण एक शोधतेय.’

मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचते. हा वाचला नाही. मी भाडेकराराचं वाक्य पूर्ण केलं आणि फोनवर टाइप केलं, ‘चांगली आहे. बसता येतं.’ तिने एक अंगठा पाठवला. पुढच्या प्रश्नाला मी नाव वाचायला वर पाहिलं, तोवर ती गेलेली होती.

लाईव्ह संपलं. खुर्चीने विचारलं, "आज कोण कोण होतं?"

मी नावं सांगू लागले. नेहमीच्या मुली, दूधवाली, लातूरच्या दोघी बहिणी. एक नाव तोंडात राहिलं. सांगून तिला त्रास कशाला, कळलं नाही तर काय बिघडतं, तिच्या भल्याचंच आहे. हे सगळं माझ्या मनात पुष्पाआत्याच्याच आवाजात आलं. तो आवाज इतका हुबेहूब होता की मला माझाच राग आला.

"निवेदिता आली होती," मी म्हटलं.

खुर्ची हलली नाही.

"तिने तुला ओळखलं नाही. ही खुर्ची बरी आहे का, म्हणून विचारलं. ती नवी शोधते आहे."

बाहेर अण्णा फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. त्यांचं बोलणं संपलं. स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज आला. मला आत्याने हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि मग मारली नाही.

"तू काय सांगितलंस?" खुर्चीने विचारलं.

"चांगली आहे म्हणून सांगितलं."

"किती वेळ बसायचं म्हणाली?"

"दोन तास."

खुर्चीने विचार केला. "मग पाठ दुखत असणार तिची. ती पुढे वाकून बसते. शिकवायला लागली की मागे टेकायचं तिला आठवतच नाही. मी कितीदा सांगितलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "नवीला हे माहीत नसणार."

मी तिला विचारलं, निवेदिताला कळवू का, की ही तूच आहेस.

"नको," खुर्ची म्हणाली. "ते विचारायला ती आली नव्हती. पण कमरेपाशी उशी घे म्हणावं. छोटी, कापसाची. फोमची नको."

निवेदिता पुन्हा येईल की नाही, आणि आली तर कधी, हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी लाईव्ह सुरू करताना मी सगळ्यांनाच सांगितलं. जास्त वेळ बसायचं असेल तर पुढे वाकू नका, मागे टेका, कमरेपाशी छोटी उशी घ्या, कापसाची, फोमची नको. मग मी पहिला प्रश्न घेतला.

आता मी रोज तसंच करते. नव्या मुलींना सुरुवातीला वाटतं की हे पाठदुखीचं चॅनेल आहे. जुन्या त्यांना समजावतात, थांब, एवढं झालं की कायदा सुरू होतो.