पडून बघणारे खैरनारकाका

जमीन बघायला गेलं की खैरनारकाका आधी तिच्यावर आडवे होतात. डोक्याखाली रुमाल, पोटावर हात, डोळे मिटलेले, आणि मोजून दहा मिनिटं. चांदवडला एकदा जमिनीचा मालक कांद्याच्या वाफ्यातून धावत आला आणि मला गदागदा हलवून म्हणाला, "ओ साहेब, म्हातारा गेला का काय!" मी म्हणालो, गेले असते तर सुटलो असतो.

हो, असंच म्हणालो. दोन वर्षं ज्याचे रविवार असे मातीत गेलेत, त्यानं दुसरं काय म्हणावं?

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. माल पास की नापास, एवढंच जन्मभर ठरवलं आणि निवृत्त झाल्यावर पास करणं विसरले. काकूंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. पाय सावरला, पण शब्द अजून फार सावकाश येतात. तेव्हा काकांनी ठरवलं, फ्लॅट विकायचा, कुठल्यातरी तालुक्यात थोडी जमीन घ्यायची आणि काकूंना घेऊन मोकळ्यावर राहायचं. काकांना गाडी चालवता येत नाही. मला येते, ही माझी चूक.

"जिथं कायमचं पडायचं, तिथं आधी थोडं पडून बघावं," असं ते प्रत्येक मालकाला ऐकवतात. मग माती हुंगतात. विहिरीचं पाणी तोंडात खळखळवतात आणि मालकाच्या पायाशीच थुंकतात. शेवटी काकूंना हाताला धरून शेजारच्या वस्तीवर नेतात, चहा होईपर्यंत बसतात आणि परत येऊन माझ्या गाडीचं दार धाडकन आपटतात. "रिजेक्ट!"

सिन्नर रिजेक्ट, कारण वारा फार. दिंडोरी रिजेक्ट, कारण फवारणीचा वास. चांदवड का रिजेक्ट, तर म्हणे वस्तीवरची कुत्री भुंकत नाहीत! काका मूळचे सटाण्याकडचे. फारच तापले की अहिराणीत उतरतात, "हाई काय कामनं शे!" हे काय कामाचं, म्हणजे. मालक आ वासून बघत राहतो आणि माफी मी मागतो. दाराची काच एकदा बदलून झाली आहे, तीही मीच बदलली.

गेल्या रविवारी इगतपुरीजवळ एक जमीन बघितली. भाताची खाचरं, मागं डोंगर, रस्ता अगदी दारात. काका आडवे झाले ते उठेचनात. जवळ जाऊन बघतो तर चक्क घोरत होते. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि, देवाशपथ सांगतो, गिळलं! माझ्या डोळ्यांसमोर पुढचे सगळे रविवार नाचायला लागले.

शेजारच्या घरी चहाला बसलो. घरच्या बाईनं चुलीजवळून काकांना विचारलं, "बाबा, आजींना साखर चालती ना?" काकू समोरच बसल्या होत्या. "हो" म्हणायला त्यांचे ओठ हललेही होते. पण चहा उकळत होता, मला घाई होती. मी म्हणालो, "चालते, चालते, घाला!"

काकांनी हातातलं बिस्कीट ताटलीत ठेवलं. "चल. रिजेक्ट."

गाडी हायवेला लागली, तशी कडेला घेतली आणि फुटलो. "काका, आता बास! पाणी गोड, माती काळी, झोपसुद्धा लागली! तुम्हाला जमीन घ्यायचीच नाहीये. दुसऱ्याचं पेट्रोल आणि दुसऱ्याचा जीव जाळायचाय तुम्हाला!"

"जमिनीत खोट नव्हतीच!" काका माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "एकाही जमिनीत नव्हती! ही समोर बसलेली असते आणि हिच्याबद्दल मला विचारतात. हिला दिसत नाही? ऐकू येत नाही? उद्या मी आधी गेलो तर हिच्याशी बोलायचं कुणी? हिचा शब्द येईपर्यंत थांबणारं एक घर मला शेजारी पाहिजे. एकच! आणि तू रे? दोन वर्षं ती तुझ्या मागच्या सीटवर बसते. आज साखरेचं उत्तरसुद्धा तूच देऊन मोकळा झालास."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. दोन वर्षांत मी काकूंना एक प्रश्न विचारला नव्हता. मी मागं वळलो. "काकू, तुम्हाला कशी वाटली जागा?"

शेजारून ट्रकमागून ट्रक गेले. काका काकूंच्या वतीनं बोलायला निघाले, तसा मी त्यांचा दंड धरला.

"मला," काकू म्हणाल्या. बराच वेळ गेला. "आवडली."

"मग सांगितलं का नाहीस?"

काकूंनी काकांकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. इतका राग त्या शांत बाईत कुठं बसला होता कोण जाणे.

"विचारलंत... कुठं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग खाली उतरले, मागचं दार हलकेच उघडून काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि मला म्हणाले, "वळव."

मी गाडी वळवली. मागून काकांचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू. "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला करू या?"

काकू विचार करत होत्या. आम्ही दोघंही थांबलो.