सदस्य बाहेरगावी आहेत

खोटं बोलायचा माझा मुळीच इरादा नव्हता. दारात उभ्या उभ्या तोंडातून निसटलं, एवढंच.

डिसेंबरातला शनिवार होता. सकाळी बेल वाजली तेव्हा मी ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होतो. (दूध रोज उतू जातं. मी डोळ्यांत तेल घालून गॅससमोर उभा असतो आणि नाक खाजवायला म्हणून मान वळवली रे वळवली की ते जातं.) हातात फडकं घेऊनच दार उघडलं. बाहेर कुरिअरवाला उभा होता.

"मॅडम आहेत का?"

"काय काम आहे?"

"विमान कंपनीचं पार्सल आहे, वर्षअखेरची भेट. गोल्ड मेंबर आहेत ना त्या? मोबाइलवर कोड आला असेल, तेवढा सांगा म्हणावं."

"ती बाहेरगावी गेलीय," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"सोमवारी."

तो गेला. मी दार लावलं आणि फडक्यासकट खुर्चीत बसलो. आता तुम्हाला खरं सांगतो. माझी बायको मार्चमध्ये वारली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी ती नव्हती.

मग बाहेरगावी का म्हणालो? तर त्याला माझी नोकरी कारणीभूत आहे. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक कारकून आहे. नोटिसा पाठवायच्या आणि परत आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, हे माझं एकतीस वर्षांचं काम. टेबलावर चार रबरी शिक्के असतात: 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार', 'बाहेरगावी' आणि 'मयत'. 'बाहेरगावी' बसला की पंधरा दिवसांनी टपाल पुन्हा पाठवावंच लागतं, तसा नियम आहे. 'मयत' बसला की नाव यादीतून कमी. मग त्या नावाने आमच्याकडून साधी नोटीससुद्धा जात नाही. कुरिअरवाल्याने विचारलं आणि माझा हात सवयीने तिसऱ्या शिक्क्याकडे गेला.

त्यात माझी मेहुणी फार व्यवस्थित बाई. बहीण गेल्यावर तिने मला यादीच करून दिली. "भाऊजी, बँक झाली का? गॅस झाला का? फोन नंबर बंद केलात का?" मी एकेक करत गेलो. प्रत्येक ठिकाणी दाखल्याची प्रत दिली, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बायकोच्या नावावर आडवी रेघ मारली, आणि मी पोच घेऊन घरी आलो. विमान कंपनीचं कार्ड तेवढं आम्ही दोघंही विसरलो होतो. म्हणजे सगळ्या जगात आता एकच यादी उरली होती जिच्यात माझी बायको हयात होती. ती यादी मला जपायची होती. पार्सलशी मला काही देणंघेणं नव्हतं.

पार्सलबद्दल तर माझं मत आधीपासूनच वाईट होतं. बायको एक्स-रे मशीन दुरुस्त करायची. कुठल्याही गावातलं मशीन बंद पडलं की ही हत्यारांची पेटी घेऊन विमानात. (मी विमानात कधीच बसलो नाही. मला स्टुलावर चढलो तरी गरगरतं. घरातले बल्बसुद्धा तीच बदलायची.) फेऱ्या इतक्या वाढल्या की कंपनीने तिला गोल्ड मेंबर केलं, आणि दर वर्षअखेरीस घरी खोकं यायला लागलं.

पहिल्या वर्षी लांब दांड्याची काळी पुरुषी छत्री. दुसऱ्या वर्षी दाढीच्या सामानाची पिशवी. तिसऱ्या वर्षी मानेभोवती घालायची उशी, तीही एवढी मोठी की त्यातून बायकोचं डोकं आरपार जाईल. चौथ्या वर्षी हातमोजे, माझ्या पंजाच्या मापाचे.

"अगं, यांना तू बाई आहेस एवढंही ठाऊक नाही!"

"असू दे हो. तुम्ही वापरा."

"वापरीन, पण याला काय भेट म्हणतात? कुठलं तरी यंत्र यादी काढतं, कोणीतरी खोक्यात भरतं. यात कौतुक करण्यासारखं काय आहे सांग."

"यंत्राच्या लक्षात तरी राहतं," ती म्हणायची.

हा टोमणा कोणाला आहे हे मला कळायचं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही भेट दिली नव्हती. दर वर्षी ठरवायचो, दुकानाच्या काचेपर्यंत जायचो, आणि आत जाऊन नेमकं काय मागायचं ते न सुचल्यामुळे तसाच परत यायचो. घरी आलो की मात्र कंपनीच्या भेटीला नावं ठेवायला माझ्यासारखा हुशार दुसरा नव्हता.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. हातमोजे आल्यावर, जानेवारीत, मी कंपनीला रीतसर पत्र टाकलं. 'आपल्या सदस्या स्त्री असून आपण सातत्याने पुरुषोपयोगी वस्तू पाठवीत आहात, तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी.' उत्तर आलं नाही. लोकांच्या पत्राला उत्तर न देणाऱ्या कंपनीबद्दल मी बायकोला महिनाभर ऐकवलं. ती नुसती हसायची. मला वाटायचं, माझं म्हणणं तिला पटतंय.

तर, सोमवारी कुरिअरवाला पुन्हा हजर.

"काका, आल्या का मॅडम?"

"नाही, मुक्काम वाढला."

"मग फोन करून कोड विचारा ना."

"तिथे फोन लागत नाही." (त्या आठवड्यात मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.)

गुरुवारी तो तिसऱ्यांदा आला. या खेपेला त्याने पार्सल जिन्यावर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काका, रागावू नका, पण भांडण झालंय का तुमचं?"

मी पार्सलवरचं बायकोचं नाव वाचत राहिलो.

"माझी बायको माहेरी निघून गेली की मीही लोकांना असंच सांगतो. तुम्ही आधी माफी मागा. चूक कोणाचीही असू दे, आपण मागून टाकायची. येतात हो परत."

मी मान डोलावली. सल्ला अगदी योग्य होता, फक्त मला तो उशिरा मिळाला होता. तीन खेपा झाल्यामुळे पार्सल कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात परत जाणार, तिथून मॅडमनी स्वतः घेऊन जावं, असं सांगून तो निघून गेला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिथे गेलो.

काचेचं दार, गार हवा, भिंतीवर ढगांची चित्रं. काउंटरवरच्या मुलीला मी बायकोचं कार्ड दाखवलं. तिने स्क्रीनवर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि आतून मॅनेजरना बोलावून आणलं. मॅनेजर तरुण होते, टाय लावलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि समोर वही उघडून बसले. इतका मान मला माझ्या स्वतःच्या कचेरीत कधी मिळालेला नाही.

"सर, मॅडम महिन्याला चार-चार वेळा आमच्याकडून जायच्या. फेब्रुवारीनंतर एकदम काहीच नाही. हल्ली दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जातात का?"

मला सुटकेची वाट दिसली. "हो," मी म्हणालो.

मॅनेजरांचा चेहरा पडला. काउंटरवरची मुलगीही माझ्याकडे नाराजीने पाहायला लागली.

"सर, अगदी मोकळेपणी सांगा. आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही हो. तिला खिडकीची जागा आवडायची, ती तुम्ही द्यायचात."

"मग तिकडे असं काय आहे?"

"मला खरंच कल्पना नाही."

"सोडताना काही बोलल्या का? काही तक्रार?"

"बोलायला वेळच मिळाला नाही."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं, टेबलावर पुढे वाकले आणि म्हणाले, "सर, तुम्ही फक्त माझं त्यांच्याशी एकदा बोलणं करून द्या. बाकी माझ्यावर सोडा. काय वाटेल ते करू, पण मॅडमना आपण परत आणू."

नऊ महिन्यांत खूप जणांनी माझं सांत्वन केलं होतं. 'धीर धरा' म्हणाले, 'जेवत जा' म्हणाले. तिला परत आणू असं कोणी म्हटलं नव्हतं. मी रडायला लागलो. साधंसुधं नाही, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत.

"सर! अहो सर, एवढं मनाला लावून घेऊ नका," मॅनेजर घाबरून उठले. "सदस्य कंपनी बदलतात, चालायचंच!"

"कंपनी नाही हो बदलली तिने," मी म्हणालो. "ती वारली. मार्चमध्ये. मी कुरिअरवाल्याला बाहेरगावी म्हणालो, आणि मग मला मागे फिरता येईना."

ती मुलगी उठली, आत गेली आणि पार्सल आणून माझ्यासमोर ठेवलं. कोड मागितला नाही.

"आता मला हे खातं बंद करावं लागेल, सर," मॅनेजर हळूच म्हणाले.

"माहितेय. आमच्याकडेही तसंच असतं."

ते टाइप करायला लागले आणि मधेच थांबले. "सर, गेल्या जानेवारीत तुम्ही आम्हाला एक पत्र पाठवलं होतं का? पुरुषोपयोगी वस्तूंबद्दल?"

"पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही," मी नाक पुसत म्हणालो. (अशा वेळीही माझी तक्रार सुटत नाही.)

"उत्तर गेलं होतं, सदस्यांच्या ईमेलवर. भेट आम्ही ठरवत नाही, सर. जानेवारीत आम्ही तीसेक वस्तूंची यादी पाठवतो. त्यातून सदस्य स्वतः निवडतात आणि आम्ही डिसेंबरात ती पोचवतो. मॅडमनी आम्हाला उलट लिहिलंय, हे पाहा."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिने लिहिलं होतं: 'पत्राकडे लक्ष देऊ नये. तक्रार करणारे माझे पती आहेत. सगळ्या वस्तू मी त्यांच्यासाठीच निवडते. कृपया त्यांना कळवू नये, कधीतरी ते स्वतःच ओळखतील.'

मी ते चार वेळा वाचलं. छत्री, कारण मी दर वर्षी एक हरवतो. उशी, कारण कचेरीत दुपारी टेबलावर डुलकी लागते आणि घरी येऊन मी 'मान, मान' करत बसतो. हातमोजे, कारण थंडीत माझी बोटं फुटतात आणि मी ती सगळ्यांना कौतुकाने दाखवतो. चार वर्षं ती मला भेट देत होती आणि चारही वर्षं मी तिच्या तोंडावर त्या भेटीची टिंगल केली. मला लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण आता ती समोर नव्हती आणि ओळखलं म्हणून सांगायला मला कोणी उरलं नव्हतं.

मुलीने कात्रीने पार्सल उघडून दिलं. आत घरात घालायच्या गरम सपाता होत्या, राखाडी, माझ्या मापाच्या. जानेवारीत, ठणठणीत असताना, निवडलेल्या. मी तिथेच बूट काढले आणि त्या घालून बसलो. रांगेतली दोन माणसं माझ्याकडे बघत होती, बघू दे म्हटलं.

"काका," मुलगी म्हणाली, "तुमच्या नावाने नवीन खातं काढू का?"

"अगं, मी विमानात बसत नाही."

"चालतं. नुसता फॉर्म भरायचा."

फॉर्म समोर आला की तो कोरा ठेवणं आम्हा कारकुनांच्या रक्तात नाही. मी भरला. भरता भरता धीर करून विचारलं, "ती तीस वस्तूंची यादी जरा पाहायला मिळेल?"

तिने दिली. मी एक ते तीस सगळ्या वस्तू वाचल्या, मागचंपुढचं दोन्ही. दुकानाच्या काचेसमोर मला कधी सुचलं नव्हतं ते या वेळी पटकन सुचलं. बावीस नंबरला बायकांची शाल होती, निळी. तिला विमानात थंडी वाजायची. निळा रंगही तिला आवडायचा. (आवडायचा ना? मला वाटतं, आवडायचा.) मी बोट ठेवलं.

"ही द्या. पुढच्या डिसेंबरापर्यंत थांबायला माझी काही हरकत नाही."

मुलीने मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी ढगांकडे पाहिलं.

"काका, भेट गोल्ड मेंबरना असते," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर आहात. तुम्हाला वर्षअखेरीस शुभेच्छांचा ईमेल येईल. पत्ता सांगा ना."

मला ईमेल नाही. आमच्या घरात एकच पत्ता होता, तिचा. मेहुणीच्या यादीत तो बंद करायचा राहून गेला होता. मी तोच सांगितला.

असा एकदाचा मी माझ्या बायकोला भेट पाठवण्यात यशस्वी झालो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. कशी दिसेल म्हणून विचारलं तर त्या मुलीने नमुना उघडून दाखवला. वर विमानाचं चित्र, मध्ये 'प्रिय प्रवासी, आपली आठवण येते', आणि तळाशी बारीक अक्षरांत: 'हा ईमेल यंत्राने पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नये.'